मातीच्या वाडग्याचे मोल

आपल्या घरात चहा पातेल्यात उकळतो, गाळणीतून गाळला जातो आणि मग कपात येतो. कपाचे काम तेवढेच. टवका उडालेला रोजचा कप असो की पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवलेला असो, आतल्या चहाची चव तीच, असे आपण धरून चालतो. जपानी चहापानाच्या विधीत मात्र पातेले आणि कप हे वेगळे नसतात. चहाच्या पानांची दळलेली हिरवी पूड वाडग्यात घालायची, बिडाच्या हंड्यातले गरम पाणी बांबूच्या ओगराळ्याने त्यावर ओतायचे आणि बांबूच्याच बारीक काड्यांच्या रवीने ते घुसळायचे. दूध नाही, साखर नाही. चहा त्याच वाडग्यात तयार होतो आणि त्यातूनच प्यायला जातो. साहजिकच वाडगा कसा असावा, हा तिथे निव्वळ शोभेचा प्रश्न राहत नाही. या प्रश्नात सारे आयुष्य घालवलेल्या आणि अखेर त्याच वाटेवर प्राण गमावलेल्या माणसाचे नाव सेन नो रिक्यू.

रिक्यूचा जन्म १५२२ सालचा, साकाई या बंदरातला. आजच्या ओसाकाला लागून असलेले हे गाव तेव्हा व्यापाऱ्यांचे होते आणि कारभारही व्यापारीच पाहत. रिक्यूच्या वडिलांची वखार होती. गावातल्या सुखवस्तू मंडळींना चहाचा नाद असे. हा मुलगाही त्यात पडला. ताकेनो जोओ या नामांकित जाणकाराकडे त्याने धडे घेतले, झेन साधना केली. जोओ स्वतःही व्यापारीच. म्हणजे ज्या कलेला पुढे जपानी अभिजनांची खूण मानले गेले, ती घडवणारे हात दुकानदारांचे होते.

त्या काळी चहाच्या भांड्यांची प्रतिष्ठा काय होती, हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मान होता तो चीनहून आलेल्या भांड्यांना. पूड ठेवण्याची मुठीएवढी मातीची बरणी एखाद्या गढीच्या मोलाची समजली जाई. जपानच्या एकीकरणाची मोहीम काढणाऱ्या ओदा नोबुनागाने नावाजलेली भांडी धनिकांकडून आणि देवळांकडून सक्तीने गोळा केली आणि मर्जीतल्या सरदारांना ती बक्षीस दिली. ताकिगावा काझुमासू या त्याच्या सेनानीला १५८२ साली पराक्रमाबद्दल मुलूख मिळाला. पण त्याला हवी होती एक बरणी, आणि ती मिळाली नाही म्हणून तो हळहळला, असे सांगतात. मात्सुनागा हिसाहिदेची कथा तर याहून विलक्षण आहे. त्याच्याजवळच्या बिडाच्या हंड्यावर नोबुनागाचा डोळा होता. १५७७ साली गढीला वेढा पडला, तेव्हा हंडा शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून त्याने तो स्वतःबरोबर नष्ट केला, अशी आख्यायिका आहे.

याच नोबुनागाच्या पदरी रिक्यू चहाचा जाणकार म्हणून राहिला. १५८२ साली नोबुनागाचा घात झाला आणि सत्ता तोयोतोमी हिदेयोशीकडे आली. रिक्यू त्याच्याकडे गेला. तेव्हा त्याने साठी गाठली होती आणि खरे म्हणजे त्याचे महत्त्वाचे सगळे प्रयोग यानंतरच्या नऊ वर्षांतले आहेत. साठीनंतर नवे काही करायचे नसते, असे मानणाऱ्यांनी हे हिशेबात घ्यावे.

चिनी वाडगे दिसायला देखणे. तळाशी निमुळते, वर पसरट, चकचकीत झिलईचे. पण पाया इतका लहान की ठेवायला वेगळी बैठक लागे. रिक्यूच्या आधीच्या पिढीपासून कोरियातून येणाऱ्या साध्या, ओबडधोबड वाडग्यांकडे जाणकारांची नजर वळू लागली होती. रिक्यू त्यापुढे गेला. आहे त्यातले निवडण्याऐवजी हवे तसे करवून घ्यायचे त्याने ठरवले. क्योतोमध्ये चोजिरो नावाचा कारागीर होता. कौले घडवणाऱ्यांपैकी तो एक, असे मानतात. रिक्यूच्या सांगण्यावरून त्याने चाक बाजूला ठेवले आणि नुसत्या हातांनी वाडगे घडवले. कडा जवळजवळ उभ्या, तळ रवी फिरेल इतका ऐसपैस, आकार दोन्ही तळहातांत सामावेल असा. माती सच्छिद्र असल्याने चहाची ऊब हाताला हळूहळू लागते, चटका बसत नाही आणि चहाही लवकर निवत नाही. काळा वाडगा भट्टीतून लालबुंद असतानाच चिमट्याने बाहेर काढायचा. त्याच्या मंद काळ्या रंगावर हिरवा चहा जसा खुलतो, तसा कुठल्याही नक्षीवर खुलणार नाही. १५८६ सालच्या एका चहापानाच्या नोंदीत सोएकी घाटाच्या वाडग्याचा उल्लेख येतो. सोएकी हे रिक्यूचेच नाव. या भांड्यांना पुढे ‘राकू’ म्हणू लागले. चोजिरोच्या परंपरेतले राकू घराणे क्योतोमध्ये अजून वाडगे घडवते. सध्याची पिढी सोळावी.

वाडग्यावरच तो थांबला नाही. विहिरीवरचा लाकडी पोहरा चहाच्या खोलीत पाण्याचे भांडे म्हणून आला, तो जोओ आणि रिक्यू यांच्यामुळे. १५९० साली हिदेयोशीने ओदावाराच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा रिक्यू छावणीत होता. तिथल्या बांबूची पेरे कापून त्याने फुलदाण्या केल्या. त्यातल्या एकीला उभी चीर आहे आणि ती आता तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्योतोजवळ यामाझाकीला त्याने बांधलेली म्हणून ओळखली जाणारी दोन चटयांची खोली आजही उभी आहे. आत शिरायचे ते गुडघ्यांवर, लहानशा दारातून. तलवार बाहेर ठेवायची. सरदार असो की वाणी, मान सर्वांनीच वाकवायची.

इकडे हिदेयोशीची हौस उलट्या टोकाची. साध्या शिपाई घराण्यातून वर चढलेल्या या माणसाने चहासाठी चक्क सोन्याने मढवलेली खोली करवली. ती सुटी करून हलवता येई. १५८६ साली ती सम्राटाच्या वाड्यात मांडली. आतली भांडीही सोन्याची. काळे वाडगे त्याला आवडत नसत, अशी नोंद हाकाताच्या एका व्यापाऱ्याच्या रोजनिशीत आहे. तरीही या दोघांचे वर्षानुवर्षे जमले, आणि हे नुसत्या चाकरीने जमणारे नव्हते. १५८७ साली कितानोच्या देवळापाशी हिदेयोशीने मोठे चहापान योजले. शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत कुणीही यावे, हंडा आणि वाडगा आणावा, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याची पूडही चालेल, अशी दवंडी होती. दहा दिवसांचा हा सोहळा एका दिवसातच आटोपला, ही गोष्ट वेगळी.

दरबारात रिक्यूचे वजन वाढत गेले. खासगी बाबी त्याच्या कानावर घालायच्या, असा संकेतच होता. भांड्यांच्या बाबतीत तर त्याचा शब्द शेवटचा. आणि इथेच गोम आहे. दुर्मीळ चिनी बरणीची किंमत सर्वांना ठाऊक असते. पण काल भट्टीतून निघालेला काळा वाडगा मोलाचा का? रिक्यू म्हणाला म्हणून. साधेपणाच्या त्याच्या आग्रहातून भांडी स्वस्त झाली नाहीत, महागच झाली. मूल्य ठरवण्याची सत्ता मुलूख जिंकणाऱ्याकडून एका वाण्याच्या नजरेकडे गेली. हिदेयोशीसारख्याला हे किती दिवस मानवणार होते?

१५९१ च्या मार्चमध्ये क्योतोच्या महालात गोव्याहून आलेल्या पाहुण्यांचा थाट होता. जेझुइट धर्मगुरू व्हालिन्यानो हे गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचे पत्र घेऊन हिदेयोशीच्या भेटीला आले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच रिक्यूला साकाईला जाऊन कोंडून राहण्याचा हुकूम झाला. कारणे दोन सांगितली गेली. दाइतोकुजी मंदिराच्या महाद्वाराचा वरचा मजला रिक्यूच्या पैशाने बांधला होता आणि तिथे त्याचा लाकडी पुतळा ठेवला होता; म्हणजे द्वाराखालून जाणारा प्रत्येक जण, खुद्द हिदेयोशीही, त्याच्या पायाखालून जाणार. दुसरे कारण, भांडी अवाच्या सवा किमतीला विकतो. पुतळ्याचे निमित्त झाले असावे. राजकारण होते, दरबारातले हेवेदावे होते, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण दुसऱ्या आरोपात हिदेयोशीचे खरे दुखणे बोलून गेले, असे मला वाटते.

साकाईला निघालेल्या रिक्यूला निरोप द्यायला योदो नदीच्या धक्क्यावर फक्त दोन शिष्य आले, फुरुता ओरिबे आणि होसोकावा तादाओकी. दोघेही सरदार, धनी रागावला असताना येणे म्हणजे जोखीमच. हिदेयोशीच्या आईकडून किंवा पत्नीकडून रदबदली करावी असे काहींनी सुचवले, पण रिक्यूने ते नाकारले, अशी परंपरा आहे. त्याला क्योतोला परत आणले गेले. घराला सैन्याचा वेढा पडला आणि २१ एप्रिल १५९१ रोजी, हुकमाप्रमाणे, त्याने स्वतःच्या हाताने पोट चिरून घेतले. जपानी गणतीने वय ७०. त्याच्या पुतळ्यालाही सुळावर चढवले.

पुढच्याच वर्षी हिदेयोशी कोरियावरील स्वारीच्या तळावर होता. तिथून घरी लिहिलेल्या पत्रात त्याने रिक्यूच्या पद्धतीच्या चहाने बरे वाटल्याचे कळवले. यथावकाश रिक्यूच्या वारसांना माफीही मिळाली. चहाची आजची तीन सेन घराणी त्याच्या नातवाच्या मुलांपासून सुरू झाली.

ओरिबेने पुढे गुरूचा मार्ग सोडून वेड्यावाकड्या, दाबलेल्या आकारांच्या वाडग्यांची आवड रुजवली. १६१५ साली त्यालाही, नव्या राज्यकर्त्यांच्या हुकमाने, तसाच मृत्यू आला. अखेरच्या दिवसांत रिक्यूने बांबूची एक चिमटी कामटी तासून चहाच्या पुडीचा चमचा केला होता. तो ओरिबेकडे आला. ओरिबेने त्यासाठी नळी केली आणि नळीला चौकोनी खिडकी ठेवली, म्हणजे मृताच्या स्मृतिफलकापुढे बसावे तसे त्यापुढे बसता येई. चमच्याचे नाव ‘नामिदा’, म्हणजे आसू. तो नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे.