जिन्यात बसलेला तरुण



मार्च १८९७. रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात २३ वर्षांच्या एका तरुणाची पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी चार भागांत रचलेली दीर्घ संगीतकृती, प्रथमच वाजत होती. तो स्वतः मात्र सभागृहात नव्हता. बाहेर जिन्यात बसून तो मधूनमधून कान झाकून घेत होता. वादकांचा सराव अपुरा होता, संचालन ढिसाळ होते आणि सूर विस्कटत होते. हा तरुण म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला सर्गेई रखमानिनॉव.

वडिलांनी इस्टेट उधळली, आईवडील विभक्त झाले, बहीण घटसर्पाने गेली. अशा बालपणी त्याला आधार दिला आजीने. ती त्याला ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासनेला नेत असे. तिथले गायन आणि घंटानाद त्याच्या मनात कायमचे रुजले. १८९२ साली मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून तो सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. १८९५ साली त्याने ही सिंफनी लिहिली. तिचे मुख्य सूर चर्चमधील गायनाच्या वळणाचे होते. हस्तलिखितावर त्याने संत पौलाच्या रोमकरांस पत्रातील १२व्या अध्यायाचे वचन लिहिले होते: सूड देवावर सोपवावा, या अर्थाचे.

एका नामवंत समीक्षकाने या संगीताची तुलना इजिप्तवर आलेल्या पीडांशी केली! रखमानिनॉव खचला. जवळजवळ तीन वर्षे त्याच्या हातून महत्त्वाची रचना झाली नाही. अखेर १९०० साली नातेवाइकांच्या आग्रहावरून तो डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे गेला. डॉक्टर रोज त्याच्याशी बोलत, धीर देत. हळूहळू लेखणी चालू लागली. १९०१ साली पूर्ण झालेला दुसरा पियानो कॉन्चेर्टो त्याने याच डॉक्टरांना अर्पण केला. आज जगभर तो आवडीने ऐकला जातो.

पहिली सिंफनी मात्र त्याने पुन्हा वाजू दिली नाही. १९१७ साली देश सोडताना हस्तलिखित मागे राहिले आणि हरवले. पण १९४० साली अमेरिकेत लिहिलेल्या शेवटच्या रचनेत त्या सिंफनीचा एक सूर पुन्हा येतो. पूर्वी तो उग्र होता, आता शांत झालेला आहे. त्याच रचनेच्या अखेरीस त्याने हस्तलिखितावर ‘आलेलुया’ असा शब्द लिहिला. जखम भरली होती.

१९४३ साली तो वारला. पुढे लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयात वादकांच्या जुन्या प्रती सापडल्या आणि १९४५ साली मॉस्कोत ती सिंफनी पुन्हा वाजली. या वेळी लोकांनी तिचे स्वागत केले.

बंधुभगिनींनो, टीका लिहायला एक रात्र पुरते, ती पचवायला कित्येक वर्षे लागतात. परीक्षेत, नोकरीत किंवा संसारात अपयश येऊन आपल्याही घरात कुणी गप्प झाले असेल. त्याला बोल लावू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि गरज असेल तर डॉक्टरांकडेही न्या. त्यात श्रद्धा कमी पडली असे नाही. देव आजीच्या हातांनी आणि डॉक्टरांच्या शब्दांनीही बरे करतो. आपल्या माणसाला जिन्यात एकटे बसू देऊ नका.