विश्लेषण : विश्वेश्वरय्यांची शिस्त नेमकी कशी होती? आजच्या तरुण अभियंत्यांनी त्यातून काय घ्यावे?

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा होतो. फोटोला हार घातला जातो, स्टेटस ठेवले जाते. पण ज्यांच्या नावाने हा दिवस पाळला जातो, ते स्वतःचा वेळ, कामाचा ताण आणि वरिष्ठांशी होणारे मतभेद कसे हाताळत होते?

बीड शहराजवळच्या पालीत बिंदुसरा धरणाचा सांडवा वाहू लागला की त्याचे व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात. १९५० च्या दशकातले हे मातीचे धरण बीडकरांची तहान भागवते. याच बिंदुसरेच्या पुराने जुलै १९८९ मध्ये बीड शहरात अनेकांचे बळीही घेतले. पाणी साठवायचे, पण ते माणसांवर उलटू द्यायचे नाही, ही अभियंत्याची जुनीच परीक्षा आहे.

पालीवरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग ज्या धुळ्याकडे जातो, त्याच भागात १८८४ मध्ये एका तरुण अभियंत्याची नोकरी सुरू झाली. पंचवीस वर्षांनी त्याच अभियंत्याला हैदराबादच्या निजाम सरकारने पुराचा बंदोबस्त करण्यासाठी बोलावले. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. पालीचे धरण त्यांनी बांधलेले नाही. पण ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, त्या प्रश्नावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आयुष्यभर काम करत राहिले.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध काय?

विश्वेश्वरय्यांचा जन्म तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे जाणकार, घरची परिस्थिती बेताची. शाळकरी वयातच वडिलांचे छत्र हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमध्ये शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी खर्च भागवला आणि १८८१ मध्ये बी. ए. पूर्ण केले.

त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच आजचे सीओईपी. १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक, धुळे, पुणे, सुरत असा त्यांचा नोकरीचा प्रवास झाला. त्यांच्या उमेदीची जवळपास पंचवीस वर्षे मुंबई इलाख्यात गेली.

पहिल्याच कामात वरिष्ठांशी मतभेद. मग काय केले?

धुळे भागात पांझरा नदीच्या खोऱ्यात, साक्री तालुक्यातल्या दातर्ती येथे त्यांच्याकडे नळाच्या सायफनचे काम आले. पाटाचे पाणी नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचे होते. त्यासाठी नदीच्या तळाखालून नळ टाकायचा. एका बाजूने उतरलेले पाणी दाबामुळे दुसऱ्या बाजूला वर चढते.

काम सुरू असतानाच पावसाळा आला. पुराच्या पाण्याने खोदकामात वाळू भरली जाऊ लागली. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे, असे विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लेखी कळवले. वरिष्ठांना ते पटले नाही. हुकूम टाळण्याचा हा प्रकार आहे, अशा अर्थाचा शेरा त्यांनी मारला.

नोकरीला लागून फार दिवस झालेले नसताना असा शेरा आला तर काय करायचे? विश्वेश्वरय्यांनी आपले तांत्रिक मत कागदावर नोंदवले होतेच. शेरा आल्यावर मात्र त्यांनी वाद वाढवला नाही. पुन्हा कामाला हात घातला, पुराशी झगडत ते पूर्ण केले. वरिष्ठांनाही नंतर त्यांचे कौतुक करावे लागले.

यात दोन वेगळी कौशल्ये आहेत. मत असेल तर ते तोंडी कुरबुरीत न ठेवता वेळेत, लेखी आणि कारणांसह मांडणे, हे पहिले. निर्णय विरोधात गेल्यावरही आपल्या वाट्याचे काम मन लावून करणे, हे दुसरे. अनेकांना यातले एकच जमते. अर्थात, माणसांच्या जिवाला धोका असेल तिथे हुकूम पाळण्याआधी काम थांबवणे हेच अभियंत्याचे कर्तव्य ठरते.

त्यांची रोजची शिस्त कशी होती?

वेळ पाळण्याबाबत ते काटेकोर होते, हे त्यांच्यासोबत काम केलेल्या अनेकांनी नोंदवले आहे. भेटीची वेळ ठरली की ती पाळायची, समोरच्यानेही पाळावी अशी अपेक्षा ठेवायची. कपडे कायम नीटनेटके, डोक्याला पगडी. आहार मोजका, रोजचे फिरणे ठरलेले.

पण त्यांची खरी मेहनत दिसायची ती तयारीत. बैठकीला जाण्याआधी ते विषयाची कागदपत्रे वाचून, टिपणे काढून जात. भाषण असो की अहवाल, पहिल्या मसुद्यावर त्यांचे समाधान होत नसे. तो पुन्हा पुन्हा दुरुस्त केला जाई. आजच्या भाषेत सांगायचे तर, न तपासता मेल पाठवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

कष्ट, आखून केलेले काम, कामातली कार्यक्षमता आणि इतरांशी सौजन्य या चार गोष्टींवर त्यांचा भर होता. चौथी गोष्ट अनेकदा विसरली जाते. साइटवर मुकादम, ठेकेदार, गावकरी आणि अधिकारी या सगळ्यांशी रोज बोलावे लागते, तिथे सौजन्य हेही कामाचेच साधन असते.

पैसा आणि साधने कमी असतील तर?

१८९० च्या दशकात त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. शहर सिंधू नदीच्या काठावर, पण पाणी गढूळ. गाळण्याची मोठी यंत्रणा उभारायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी नदीच्या वाळूचाच गाळणीसारखा वापर केला. नदीपात्रात विहीर घ्यायची, वाळूतून झिरपून आलेले स्वच्छ पाणी त्यात गोळा करायचे आणि ते उपसून शहराला द्यायचे. नदीपात्रात झरा उकरून पाणी भरणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हे तत्त्व लगेच कळेल. निधी नाही, म्हणून फाइल बाजूला ठेवण्याऐवजी हाताशी काय आहे ते त्यांनी आधी पाहिले.

खडकवासल्याची दारे का गाजली?

पुण्याजवळच्या खडकवासला धरणात दर पावसाळ्यात बरेचसे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तुटवडा भासे. धरणाची भिंत वाढवणे खर्चिक होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दारे बसवण्याची रचना केली. वजनांच्या समतोलावर चालणारी ही दारे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की आपोआप उघडत आणि पातळी उतरली की बंद होत. भिंत न वाढवता साठा वाढला. १९०३ च्या सुमारास बसवलेल्या या दारांचे त्यांनी पेटंट घेतले. हीच रचना पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर वापरली गेली.

अपरात्री पूर आला आणि दारे उघडायला कुणी नसले तर काय, हा प्रश्न त्यांनी रचनेतच सोडवला. माणूस थकतो, विसरतो, झोपतो, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभी केलेली होती. स्वतःच्या कामातही हेच लागू पडते. सगळे लक्षात ठेवण्यावर विसंबण्यापेक्षा चेकलिस्ट, नोंदवही आणि ठरलेली वेळ यांवर काम सोपवलेले बरे.

पाणीवाटपाचा 'ब्लॉक' काय होता?

त्याच काळात नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. पाणी मोजक्या जागी उसातच मुरण्याऐवजी ते गावोगावच्या ठरावीक क्षेत्रांत वाटायचे, त्या क्षेत्रात उसासह इतर पिकांचा फेरपालट करायचा आणि पाण्याची हमी काही वर्षांसाठी द्यायची, अशी ती कल्पना. आपल्या पिकाची निवड सरकार करणार, या भीतीने सुरुवातीला शेतकऱ्यांचा विरोध झाला. त्यांच्याशी बोलून, समजावून ही पद्धत रुळवावी लागली. ऊस आणि पाणी यांचे गणित आजही मराठवाड्यात वादाचे आहे, त्यामुळे हा धडा जुना वाटत नाही.

चांगली नोकरी त्यांनी का सोडली?

१९०८ मध्ये विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारच्या सेवेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली. ब्रिटिश अंमलात सर्वोच्च तांत्रिक पद भारतीयाच्या वाट्याला येण्याची शक्यता जवळपास नव्हती. तक्रार करत वर्षे काढण्यापेक्षा ते परदेश दौऱ्यावर गेले, तिथली धरणे आणि उद्योग पाहिले.

याच दौऱ्यात त्यांना हैदराबादहून बोलावणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशी नदीच्या महापुरात हैदराबादेत हजारो माणसे दगावली होती. १९०९ मध्ये तिथे पोहोचल्यावर त्यांनी आधी पावसाचे आकडे आणि पाणलोटाचा अभ्यास केला. नदीच्या वरच्या भागात शेकडो लहान तलाव होते आणि अतिवृष्टीत त्यातले दोनशेहून अधिक फुटल्याने पूर आणखी भडकला होता. शहरातल्या भिंती उंच करून हा प्रश्न सुटणार नव्हता. मुशी आणि तिची उपनदी ईसी यांवर शहराच्या वरच्या बाजूला मोठे जलाशय बांधावेत, पूर तिथे अडवावा आणि तेच पाणी पिण्यासाठी वापरावे, असे त्यांनी सुचवले. त्यातूनच उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले.

त्यांच्या शिस्तीला मर्यादा होत्या का?

होत्या. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्या काळातली कामे. कृष्णराजसागराला मद्रास सरकारच्या हरकतीमुळे सुरुवातीला कमी उंचीचीच परवानगी होती. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पुढच्या पूर्ण उंचीचा घेतला.

सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव वाटा देण्याच्या प्रश्नावर मात्र त्यांचे महाराजांशी मतभेद झाले आणि त्यांनी पद सोडले. केवळ गुणवत्ता पाहावी, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली गेली नव्हती, त्यांच्यासाठी ही स्पर्धा समान नव्हती, ही त्यावरची टीका रास्त आहे. गरिबीतून शिष्यवृत्तीवर वर आलेल्या माणसालाही दुसऱ्याची अडचण पूर्ण दिसतेच असे नाही. स्वतःला लावलेली फूटपट्टी इतरांना लावताना त्यांची सुरुवात कुठून झाली हे पाहावे लागते. टीम सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे.

रेल्वेरूळ आणि दोन मेणबत्त्यांची गोष्ट खरी आहे का?

रुळाचा आवाज ऐकून त्यांनी धावती रेल्वे थांबवली, सरकारी कामाला एक आणि खासगी कामाला दुसरी मेणबत्ती वापरली, अशा गोष्टी अभियंता दिनाला हमखास फॉरवर्ड होतात. त्या सांगोवांगी चालत आलेल्या आहेत. त्यातला प्रामाणिकपणाचा भाग त्यांच्या स्वभावाशी जुळतो, पण त्यांचे मोठेपण त्यावर अवलंबून नाही. चमत्काराच्या गोष्टी ऐकून हे आपल्याला जमणार नाही, असे वाटते. दातर्तीची वाळू आणि सक्करची विहीर पाहिली, तर जमू शकेल असे वाटते.

उतारवयात ते थांबले का?

नाही. नियोजित अर्थव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक १९३४ चे, आठवणींचे १९५१ चे. बिहारमध्ये मोकामा येथे गंगेवर पूल कुठे बांधावा, हे ठरवणाऱ्या समितीचे काम त्यांनी नव्वदी ओलांडल्यावर केले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने १९६० मध्ये तिकीट काढले तेव्हा ते हयात होते. जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यात खडकवासल्याचे धरणही फुटले. ती बातमी आली तेव्हाही ते हयात होते. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या तरुण अभियंत्यांनी काय घ्यावे?

पाटबंधारे खात्यातले कनिष्ठ अभियंता असोत, महामार्गाच्या साइटवरचे असोत की पुण्यात सॉफ्टवेअर लिहिणारे असोत, पुढच्या गोष्टी सगळ्यांना लागू होतात.

• मतभेद असेल तर कारणांसह लेखी कळवा. निर्णय झाल्यावर काम अर्धवट मनाने करू नका. जिवाचा धोका असेल तिथे मात्र माघार घेऊ नका.

• मोजमाप ज्या दिवशी घेतले त्याच दिवशी नोंदवा. नंतर आठवून लिहिलेला आकडा बिलात चालून जातो, पुरात चालत नाही.

• बैठकीला तयारी करून जा. अहवाल पाठवण्याआधी एकदा पूर्ण वाचा.

• माणूस चुकणार हे धरून पद्धत बसवा. सगळा भार स्मरणशक्तीवर टाकू नका.

• वाढ थांबली असेल तर कुढत बसू नका. शिकत राहा आणि निघायची वेळ स्वतः ठरवा.

• सहकाऱ्याला मोजताना त्याची सुरुवात कुठून झाली तेही पाहा.

यातल्या एकाही गोष्टीला असामान्य बुद्धी लागत नाही. धरणाच्या खाली राहणाऱ्या माणसाला त्या भिंतीचा अभियंता कोण हे बहुधा माहीत नसते. त्या अभियंत्याने आपली नोंद वेळेवर आणि खरी केली होती की नाही, यावर त्या माणसाची रात्रीची झोप अवलंबून असते.