कर्मयोगी संन्यासी स्वामी रामानंद तीर्थ

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे असा प्रघात आहे, आणि तो पुरुष बहुधा आपल्याच ज्ञातीतील असतो. यंदा आम्ही हा प्रघात मोडीत आहोत. ज्यांचे चरित्र आज सादर करीत आहोत, ते स्वामी रामानंद तीर्थ आपल्या ज्ञातीचे नव्हते. खरे म्हणजे संन्यास घेतल्यानंतर ते कोणत्याच ज्ञातीचे उरले नाहीत. तरीही बीड जिल्ह्यातील प्रत्येक घरावर त्यांचे ऋण आहे, आणि ते ऋण तरुण पिढीच्या विस्मरणात चालले आहे, या खंतीने आम्ही लेखणी उचलली आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. वडील शिक्षक होते आणि घरात धर्मनिष्ठेचे वातावरण होते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा सोळा वर्षांच्या व्यंकटेशाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. पुढे असहकाराच्या हाकेसरशी त्याने सोलापूरची सरकारमान्य शाळा सोडली, अमळनेरच्या राष्ट्रीय वातावरणात विद्याभ्यास केला आणि पुण्याच्या टिळक विद्यापीठातून उच्च शिक्षण पुरे केले.

शिक्षणानंतर एखादी सुखाची नोकरी शोधण्याऐवजी त्यांनी मजूरपुढारी ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम पत्करले. जोशी हे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या सहवासात खेडगीकरांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले. दिवसभर यंत्रापाशी राबूनही पोटभर अन्न ज्यास मिळत नाही, त्यास आत्म्याचे अमरत्व सांगणे ही एक प्रकारची थट्टाच होय, हा धडा त्या काळाने त्यांस दिला असावा, असे त्यांच्या पुढील आचरणावरून आम्हांस वाटते. समाजवादी विचाराकडे त्यांचा जो कल झाला, तो अखेरपर्यंत टिकला.

प्रकृती ढासळल्यामुळे ते काम सुटले आणि १९२९ साली ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. हे गाव तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील. येथेच त्यांनी स्वामी नारायण तीर्थ यांच्याकडून संन्यासदीक्षा घेतली. ही परंपरा स्वामी रामतीर्थांची. लाहोरास गणिताचे प्राध्यापक असलेल्या रामतीर्थांनी वेदान्त व्यवहारात उतरला पाहिजे असा आग्रह धरला होता. संन्यासदीक्षेत नाव, गोत्र, शिखासूत्र या सर्वांचा त्याग करावा लागतो. मनुष्य आपले श्राद्ध आपल्याच हाताने करतो. खेडगीकर संपले आणि रामानंद तीर्थ उदयास आले. मात्र हा संन्यासी हिमालयात न जाता दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलांच्या वर्गात उभा राहिला, आणि त्यांच्या साऱ्या चरित्राचे मर्म येथेच आहे.

हे मर्म नीट उमगावे म्हणून थोडे विषयांतर करतो. हेगेल या जर्मन तत्त्ववेत्त्याने असे प्रतिपादिले की, प्रत्येक विचाराच्या पोटी त्याचा विरोधी विचार जन्मतो आणि दोहोंच्या संघर्षातून तिसरा, अधिक उंचीचा विचार निर्माण होतो. मार्क्सने हीच द्वंद्वात्मक पद्धती विचारांच्या आकाशातून उतरवून शेत, कारखाना आणि भाकरी यांच्या भूमीवर आणली. आपल्याकडेही पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धान्त ही परंपरा जुनी आहे. भेद इतकाच की, वादसभेत बहुधा एक पक्ष हरतो, तर द्वंद्वात्मक विचारात दोन्ही पक्षांतील सत्यांश तिसऱ्यात जिवंत राहतो. स्वामीजींच्या ठायी विरक्ती हा एक पक्ष होता आणि संघर्ष हा दुसरा. यांपैकी एकाही पक्षास त्यांनी हरू दिले नाही. ज्यास घरदार नाही त्यास जप्तीचे भय नाही, म्हणून विरक्तीने संघर्षास निर्भयता दिली. आणि अद्वैत म्हणजे काय हे केवळ पोथीत न शोधता कुळाच्या झोपडीत शोधावयास लावून संघर्षाने विरक्तीस आशय दिला.

१९३५ साली स्वामीजी बाबासाहेब परांजपे प्रभृती सहकाऱ्यांसह आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईस आले. त्या काळी सरकारदरबारी या गावास मोमिनाबाद म्हणत. योगेश्वरीच्या या नगरीस अद्वैताची परंपरा काही नवी नव्हती. गुरुशिष्यसंवादातून ब्रह्मज्ञान सांगणारा विवेकसिंधु हा ग्रंथ मुकुंदराजांनी शके १११० मध्ये येथेच रचला अशी परंपरा सांगते, आणि कापडाच्या लांबलचक पासोडीवर पंचीकरण लिहून ठेवणारे दासोपंतही येथलेच. त्याच भूमीत योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या रूपाने स्वामीजींनी अद्वैताचा नवा पाठ सुरू केला.

त्या काळची परिस्थिती आज समजणे कठीण आहे. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या हैदराबाद संस्थानात बहुसंख्य प्रजेच्या भाषा मराठी, तेलुगू आणि कानडी, परंतु १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. गश्ती निशाण त्रेपन्न या फर्मानामुळे पूर्वपरवानगीवाचून सभा भरविणेही अशक्य. खाजगी शाळेवर सरकारची सदैव करडी नजर. अशा काळात मातृभाषेतून शिकविणे, मुलांस ताठ मानेने बोलावयास लावणे हे स्वयमेव एक राजकारण होते. आम्ही आयुष्यभर मास्तरकी केली. म्हणूनच आम्हांस ठाऊक आहे की, मुलाच्या मनातील भीती काढणे हे अक्षर शिकविण्याहून कठीण काम आहे.

पण केवळ शाळा पुरेशी नाही, हे ओळखून १९३८ साली स्वामीजींनी अध्यापन सोडले आणि ते महाराष्ट्र परिषदेच्या व स्टेट काँग्रेसच्या कार्यात उतरले. स्टेट काँग्रेसवर तर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातील सत्याग्रहात त्यांस कारावास घडला, आणि १९४० व १९४२ साली पुन्हा तेच. मार्क्सवादाचा खोल व्यासंग असलेले गोविंदभाई श्रॉफ हे या लढ्यात त्यांचे निकटचे सहकारी झाले. एक भगव्या वस्त्रातील, दुसरा वर्गलढ्याच्या भाषेत विचार करणारा, परंतु दोघांची मैत्री अभंग राहिली. संस्थानी राज्य आणि जमीनदारी ही एकाच वृक्षाची दोन मुळे आहेत, याविषयी दोघांचे एकमत होते. पक्षातील मवाळांशी मतभेद झाले तेव्हा स्वामीजी तरुणांच्या बाजूस उभे राहिले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण आपण झालो नाही. त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकावला म्हणून स्वामीजी पकडले गेले. नोव्हेंबरात सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. इकडे रझाकारांचे अत्याचार वाढले आणि सरहद्दीवरील छावण्यांतून तरुणांनी शस्त्रे उचलली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या संन्याशाच्या पक्षाने सशस्त्र प्रतिकार पत्करावा, हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत बिकट द्वंद्व होय. ते सहजी सुटले असे म्हणणे चरित्रकाराच्या प्रामाणिकपणास शोभणार नाही. १३ सप्टेंबरास भारतीय सेना संस्थानात शिरली, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजी मुक्त झाले.

विजयानंतर पुष्कळांनी पदे घेतली. स्वामीजी मात्र जमिनीच्या प्रश्नाकडे वळले. १९४९ साली जहागिरी संपल्या, १९५० साली कूळकायदा आला. कायदा कागदावर राहू नये असा त्यांचा आग्रह असे. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीस विनोबांचे भूदान सुरू झाले, त्यातही त्यांनी भाग घेतला. १९५२ साली गुलबर्ग्यातून आणि १९५७ साली औरंगाबादेतून ते लोकसभेवर गेले. संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे हा त्यांचा पक्ष १ नोव्हेंबर १९५६ रोजी फळास आला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजसारख्या संस्थांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत ते समाधिस्थ झाले. आज नांदेडच्या विद्यापीठास आणि अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.

परंतु नाव देणे सोपे असते. ज्याने आपले गोत्रसुद्धा अग्नीस अर्पण केले, त्याचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत छापताना आपण स्वतःस एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आपले मंडळ हे काय आहे? ज्ञातीने ज्ञातीपुरते बांधलेले कुंपण, की समाजाकडे जाण्याची पहिली पायरी? आम्ही मंडळाचे विरोधक नाही. आपल्या गरीब मुलांस मंडळाच्या शिष्यवृत्तीने शिकविले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्ञातीचा जिव्हाळा हा एक पक्ष, सर्व समाजाची समता हा दुसरा. स्वामीजींच्या रीतीने विचार केल्यास यांतील एकही टाकावयाचा नाही, तर दोहोंतून तिसरे काही घडवावयाचे आहे.

म्हणून वार्षिक सभेपुढे आमची एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षापासून मंडळाच्या शिष्यवृत्त्यांपैकी एक ज्ञातीबाहेरच्या गरजू विद्यार्थ्यास द्यावी, ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबातील मुलास वा मुलीस दिल्यास अधिकच उत्तम, आणि अर्जावर जात विचारू नये. ही सूचना काहींस रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी सभेत अवश्य विरोध करावा. वादावाचून संवाद होत नाही. सभा काय ठरवील ते ठरवो, पहिल्या वर्षीच्या रकमेत आमच्या निवृत्तिवेतनातील यथाशक्ती वाटा आम्ही आजच देऊ करीत आहोत.