समुद्राच्या रंगापासून पाण्यातल्या विषापर्यंत : सर सी. व्ही. रामन



२८ फेब्रुवारी जवळ आली की शाळेत विज्ञान दिनाची तयारी सुरू होते. फळ्यावर पगडीवाले रामन, चार ओळींचं भाषण, टाळ्या आणि खाऊ. मीही बरीच वर्षं एवढंच करत आले. पण मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने मला अडवलं. चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी समुद्र निळा रंगवला होता. आमची शाळा रायगडच्या किनाऱ्यावर. तिचं म्हणणं असं, की आपला समुद्र तर मातकट दिसतो, बाटलीत भरला तर त्याला धड रंगच नसतो, मग चित्रात निळा का द्यायचा? मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, की समुद्राच्या रंगाच्या प्रश्नानेच रामन यांच्या आयुष्याला वळण दिलं. आणि त्यावरचं त्यांचं पत्र निघालं ते मांडव्याच्या धक्क्यावरून समोर दिसणाऱ्या मुंबई बंदरातून!

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली इथे झाला. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांना विशाखापट्टणमच्या कॉलेजात नोकरी मिळाली, त्यामुळे रामन यांचं बालपण आपल्या मुलांसारखंच समुद्राकाठी गेलं. अकराव्या वर्षी ते मॅट्रिक झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ मध्ये बी.ए. आणि १९०७ मध्ये एम.ए. झाले. प्रकृती नाजूक, म्हणून डॉक्टरांनी विलायतेला जायला मनाई केली. मग त्यांनी सरकारी अर्थखात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि कलकत्त्याला हिशेबखात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले.

नोकरी चांगली होती. पण बोबाजार रस्त्यावर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली एक विज्ञानसंस्था त्यांना सापडली. ऑफिसच्या आधी पहाटे आणि ऑफिसनंतर रात्री ते तिथे प्रयोग करत. असं दहा वर्षं चाललं. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केलं, तेव्हा कमी पगारावर त्यांनी ते स्वीकारलं.

१९२१ मध्ये ते पहिल्यांदा इंग्लंडला गेले. परत येताना 'नारकुंडा' बोटीवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांनी पाहिला. त्या काळी मोठे शास्त्रज्ञ मानत, की समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचं छोटंसं उपकरण होतं. पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारी चकाकी त्यातून कापता येते. त्यांनी डेकवर उभं राहून ती चकाकी काढून टाकली. निळा रंग गेला नाही, उलट जास्तच गडद दिसला. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष काढून बोट मुंबई बंदरात लागताच सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी 'नेचर' मासिकाला पत्र लिहिलं. (पाणी तांबड्या रंगाचा थोडा भाग शोषून घेतं, हेही आज आपल्याला माहीत आहे. आपल्या खाड्यांत गाळ जास्त असतो, म्हणून तिथे निळाई झाकली जाते.)

आता खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती वर्गात सहसा सांगितली जात नाही.

कलकत्त्याला परतल्यावर रामन आणि त्यांचे विद्यार्थी वेगवेगळे द्रव घेऊन प्रकाश कसा विखुरतो ते पाहू लागले. द्रवात जांभळा-निळा प्रकाश सोडायचा आणि डोळ्यांपुढे तोच रंग अडवणारी काच धरायची. मग काहीच दिसायला नको. पण १९२३ मध्ये के. आर. रामनाथन या विद्यार्थ्याला तरीही एक अगदी मंद प्रकाश उरलेला दिसला. सगळ्यांना वाटलं, ही प्रतिदीप्ती असणार.

प्रतिदीप्ती म्हणजे काय? काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश पितात आणि दुसऱ्या रंगाचा बाहेर टाकतात. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली नोटेतले धागे चमकतात, ती प्रतिदीप्ती. चिमूटभर अशुद्धीनेही एवढा उजेड पडू शकतो. म्हणून द्रवात कसलातरी मळ राहिला असेल असं मानलं गेलं. इथे एखाद्याने विषय मिटवला असता. त्यांनी मात्र द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला. मळाचा प्रकाश असता तर तो कमी कमी होत गेला असता. तो तसाच राहिला.

पुढे के. एस. कृष्णन यांनी या कामात मोलाची साथ दिली. १९२७ च्या अखेरीस एस. व्यंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमध्ये हिरवट प्रकाश दिसला. तो ध्रुवित होता, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेने डोलत होत्या. साध्या प्रतिदीप्तीत असं ठळकपणे आढळत नाही. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून पाहिल्यावर खात्री पटली. प्रकाश रेणूवर आपटून परत येताना त्याच्या रंगात किंचित बदल होतो आणि प्रत्येक पदार्थासाठी तो बदल वेगळा असतो. जणू पदार्थाच्या बोटाचा ठसाच. हाच रामन परिणाम. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

१९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईहून कमला भागवत नावाची हुशार विद्यार्थिनी तिथे प्रवेश मागायला गेली. आपल्या दुर्गा भागवतांची ती बहीण. ती मुलगी आहे म्हणून रामन यांनी नकार दिला. ती मागे हटली नाही, तेव्हा पहिलं वर्ष परीक्षेवर ठेवण्यासारख्या अटी घालून तिला घेतलं. तिचं काम पाहून पुढे त्यांना मत बदलावं लागलं. हीच मुलगी म्हणजे डॉ. कमला सोहोनी. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून विज्ञानात ती पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री. नंतर अ‍ॅना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या प्रतिदीप्तीचा अभ्यास केला.

हा प्रसंग मी मुलांपासून लपवत नाही. क्षीण प्रकाशाला मळ म्हणून टाकून न देणारा माणूस एका मुलीला मात्र न तपासताच नाही म्हणाला. थोर माणसाचं चुकलं हे सांगितल्याने तो लहान होत नाही. पण वर्गातल्या मुलींना ते कळायलाच हवं.

१९४८ मध्ये त्यांनी बंगळूरलाच स्वतःची संशोधन संस्था उभारली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचं निधन झालं.

आता पालकांसाठी. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या आपल्या नद्यांच्या काठी शेतीही आहे आणि कारखानेही. पाण्यात पाऱ्यासारखा धातू किंवा कीटकनाशक अगदी कणभर असेल तर डोळ्यांना, नाकाला कळत नाही. दिसायला स्वच्छ म्हणजे शुद्ध, हा आपला समज धोक्याचा आहे. आज हातात मावतील अशी यंत्रं निघाली आहेत. काहींमध्ये एक खास रंगद्रव्य असतं. विषाचा रेणू त्याला चिकटला की त्याची प्रतिदीप्ती वाढते किंवा विझते, आणि यंत्र तो फरक मोजतं. काही यंत्रं रामन परिणामाने थेट पदार्थाचा ठसा ओळखतात. पण अडचण तीच जुनी. नदीच्या पाण्यात कुजलेला पालापाचोळाही थोडा चमकतो. हा उजेड विषाचा की आणखी कशाचा, हे तपासल्याशिवाय निकाल देता येत नाही. रामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमकं हेच केलं होतं.

वर्गात घेता येतील असे दोन प्रयोग

१. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन-तीन थेंब दूध टाका. खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्च मारा. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसेल, टॉर्चच्या समोरून पाहिलं तर पिवळट-तांबूस.

२. एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात कपड्याच्या पावडरीची चिमूट पूर्ण विरघळवलेलं पाणी, तिसऱ्यात सॅनिटायझरमध्ये थोडी हळद. अंधारात नोटा तपासायचा टॉर्च धरा. हळद हिरवट-पिवळी चमकेल, पावडरीचं पाणी निळसर. टॉर्च शिक्षकांनीच धरावा, कुणाच्या डोळ्यांवर मारू नये. सॅनिटायझरजवळ दिवा, काडी नको, आणि ग्लासातलं काहीही पिऊ नये.

चमकलं म्हणजे विषारी आणि नाही चमकलं म्हणजे पिण्यायोग्य, असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावं लागतं.

त्या मुलीला तिचं उत्तर मी उशिरा का होईना दिलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता, शाळेच्या विहिरीचं पाणी शेवटचं कधी तपासलं? अहवाल शोधायला मला दोन दिवस लागले. आता तो आम्ही व्हरांड्यात लावतो, मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर. तुमच्या शाळेतही बघा आणि मुलांचे प्रश्न मला जरूर कळवा.