जोशुआ स्लोकम : एका एकाकी नाविकाचे चरित्र

शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून जोशुआ स्लोकम याची ख्याती आहे. या ख्यातीमुळे त्याची गणना साहसवीरांत होऊ लागली. वस्तुतः तो धंद्याने आणि वृत्तीने जहाजाचा कप्तान होता. छत्तीस फुटी नौकेवर तीन वर्षे तो तरून गेला, तो धाडसापेक्षा सावधपणाच्या बळावर.

त्याचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे झाला. वडिलांच्या बूट शिवण्याच्या धंद्यात त्याचे मन रमले नाही आणि कुमारवयातच त्याने समुद्र गाठला. १८७१ मध्ये सिडनी येथे त्याने व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी विवाह केला. तिने आपला संसार जहाजावरच मांडला आणि १८८४ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या बंदरात तिचा अंत झाला. तोवर वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचा धंदा ओढून घेतला होता. स्लोकमच्या मालकीच्या ‘अ‍ॅक्विडनेक’वर खलाशांनी बंड केले. त्याच्या गोळीने एकजण ठार झाला. ब्राझीलच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पुढे देवीच्या साथीत माणसे गेली आणि १८८७ च्या अखेरीस ते जहाजही वाळूत रुतून फुटले.

परतीचे भाडे मागण्याऐवजी त्याने पस्तीस फुटी नौका बांधली व तिला चिनी पद्धतीची शिडे चढविली. १३ मे १८८८ रोजी, ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने संपली त्याच दिवशी, ती पाण्यात उतरली. म्हणून तिचे नाव ‘लिबर्डाडे’, म्हणजे स्वातंत्र्य. दुसरी पत्नी आणि दोन मुलगे एवढाच तिच्यावरचा खलाशीवर्ग. त्यांना त्याने सुखरूप अमेरिकेस आणले. पुढील एकाकी सफरीची खरी तालीम येथेच झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

१८९२ मध्ये फेअरहेवन येथे एका परिचिताने त्याला एक जहाज देऊ केले. ते शेतात पडलेले, कालवे पकडण्याचे जुनाट गलबत निघाले. ही थट्टाच होती. परंतु स्लोकमने तेरा महिने खपून, साडेपाचशे डॉलरांचे साहित्य घालून त्याची फळी न फळी बदलली. हीच ‘स्प्रे’. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला.

एकट्या नाविकापुढचा पहिला प्रश्न झोपेचा. रात्री सुकाणू कोणी धरावे? ‘स्प्रे’चा तळ लांब व रुंद असल्याने ती वळणास मंद होती. स्लोकमने ब्वेनोस आयरेस येथे डोलकाठी सात फूट आखूड केली आणि पुढे मागील बाजूस एक लहान शीड जोडले. मागून वारा असता पुढचे त्रिकोणी शीड तो नौकेच्या मध्यरेषेत ताणून बांधी. नौका मार्गावरून ढळू लागली, की वारा त्या शिडात भरे आणि तिचे तोंड पूर्ववत वळवी. सुकाणू दोराने जखडलेले असे. थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्याने तेवीस दिवसांत काटले; त्यांत सुकाणूपाशी तो एकूण तीन तासही उभा नव्हता.

वादळाशी झुंजण्याची हौस त्याला नव्हती. १८९६ च्या मार्चमध्ये मॅगेलन सामुद्रधुनीबाहेर झंझावाताने गाठले, तेव्हा शिडे उतरवून त्याने दोन लांब दोर नौकेच्या मागे सोडले. त्यांच्या ओढीने नौका आडवी होत नसे आणि मागून फुटणाऱ्या लाटांचा जोरही मोडे. त्याच सामुद्रधुनीत निजण्यापूर्वी तो तक्तपोशीवर बारीक खिळे पसरून ठेवी. रात्री चढून आलेले अनवाणी हल्लेखोर किंचाळत पाण्यात उड्या घेते झाले.

एवढ्या सावध माणसाला पोहता मात्र येत नव्हते! उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत चढली असता नांगर टाकावयास नेलेली डोंगी उलटली आणि तिच्या काठाला लटकूनच तो कसाबसा वाचला. यानंतरही पोहणे शिकण्याची गरज त्याला भासली नाही. नौका सोडावी लागणे हाच खरा मृत्यू, अशी जुन्या नाविकांची धारणा होती. तिचा हा अंश असावा.

दक्षिण आफ्रिकेत त्याची राष्ट्राध्यक्ष क्रूगर यांच्याशी भेट झाली. पृथ्वी सपाट मानणाऱ्या त्या गृहस्थांना प्रदक्षिणा हा शब्दच मान्य नव्हता. २७ जून १८९८ रोजी, सुमारे ४६,००० मैलांनंतर, स्लोकम न्यूपोर्टला पोहोचला. १९०० मध्ये ग्रंथरूपाने आलेले त्याचे प्रवासवर्णन इंग्रजी सागरसाहित्यात मान्यता पावले. शाळेचे शिक्षण जेमतेम असलेल्या या माणसाच्या गद्यात संकट थोडक्यात आणि दोरखंडाची व्यवस्था सविस्तर येते.

नौकारचनेच्या अभ्यासकांनी पुढे ‘स्प्रे’मधील एक दोष दाखविला. रुंदीमुळे ती सहसा कलत नसे. परंतु एका मर्यादेपलीकडे कलली, तर पुन्हा सरळ होण्याची शक्ती तिच्यात नव्हती, कारण स्थैर्यासाठी घातलेले वजन तळाखाली नसून आत होते. नोव्हेंबर १९०९ मध्ये स्लोकम तिच्यातूनच दक्षिणेकडे निघाला. त्यानंतर नाविक व नौका कोणाच्याच दृष्टीस पडली नाहीत. १९२४ मध्ये कायद्याने त्याला मृत ठरविण्यात आले.