डॉ. भाऊ दाजी लाड : राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक देखणे वस्तुसंग्रहालय आहे. शंभराहून अधिक वर्षे ते व्हिक्टोरिया राणी आणि तिचे पती आल्बर्ट यांच्या नावाने ओळखले जात होते. १ नोव्हेंबर १९७५ रोजी त्याचे नाव बदलून ज्यांचे नाव त्याला देण्यात आले, ते डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे पेडणे तालुक्यातील मांद्रे गावचे. निष्णात डॉक्टर, प्राचीन भारताच्या इतिहासाचे संशोधक आणि मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील अग्रणी अशी त्यांची ओळख सर्वत्र करून दिली जाते. ती यथार्थ आहे; पण त्यांच्या कार्याचा एक पैलू तीत झाकला जातो. संस्थानिकांचा आश्रय आटत चाललेल्या काळात कलेला आणि विद्येला सामान्य लोकांचा आश्रय मिळवून देण्यासाठी आपली प्रतिष्ठा, वेळ आणि पैसा खर्च करणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक ठळक पुरुष होते.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात त्यांना भाऊ म्हणत आणि वडील दाजी या नावाने ओळखले जात. त्यावरून ‘भाऊ दाजी’ हेच नाव पुढे रूढ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोमंतकात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच कुटुंबाबरोबर मुंबईला आला. घरची स्थिती बेताचीच होती. मात्र बुद्धिबळाच्या पटावरील त्याची चमक एका इंग्रज गृहस्थाच्या नजरेत भरली आणि मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असा सल्ला त्याने वडिलांना दिला. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात भाऊंनी विद्यार्थी म्हणून नाव मिळवले आणि तेथे अध्यापनही केले. कच्छ व काठेवाडातील जाडेजा घराण्यांत चालणाऱ्या बालिकाहत्येच्या प्रथेवरील त्यांच्या निबंधाला पारितोषिक मिळाले. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८५१ मध्ये तेथून जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते.

डॉक्टर म्हणून त्यांनी अल्पावधीत मोठा लौकिक मिळवला. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालवला आणि गोरगरिबांना विनामूल्य औषधोपचार दिले. कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा कुष्ठरोगावर उपयोग करण्याचे त्यांचे प्रयोग त्या काळी बरेच गाजले. दोघा भावांना छायाचित्रणाचाही छंद होता. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांत हे दोघे होते. नारायण दाजी तर त्या कलेत विशेष नावाजले. शास्त्राचा विद्यार्थी आणि कलेचा रसिक हे दोन्ही गुण या घरात एकत्र नांदत होते.

भाऊ दाजींनी वैद्यकीची पदवी घेतली, त्याच वर्षी, १८५१ मध्ये, दूर सांगलीत एका नाटककारावर संकट कोसळले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला होता. आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ तेथून मानला जातो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून मराठीतही असे काही व्हावे, असे चिंतामणरावांना वाटले आणि त्यांनी भाव्यांना त्या कामी लावले. नट, पोषाख, तालमी आणि प्रयोग यांचा भार दरबारच्या आधारावर उचलला जात होता. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि हा आधार तुटला. कर्जाचा बोजा आणि नटसंचाच्या पोटापाण्याची चिंता घेऊन भावे गावोगाव दौऱ्यावर निघाले. एका राजाच्या मर्जीवर आठ वर्षे वाढलेली कला त्या राजामागे टिकेल की नाही, हा प्रश्न होता.

१८५३ च्या आरंभी ही मंडळी मुंबईत आली. या शहरात भाव्यांना ओळखणारा संस्थानिक नव्हता. येथे पेढ्या, शाळा आणि छापखाने उभे राहत होते आणि पैसे देऊन करमणूक पाहू शकेल असा नवा वर्ग तयार होत होता. त्या वर्गापर्यंत पोहोचायचे कसे, हीच खरी अडचण होती. वाड्याच्या चौकात किंवा तात्पुरत्या मांडवात खेळ करण्याची सवय असलेल्या मंडळींना शहरातील नाटकगृह मिळणे सोपे नव्हते. ग्रँट रोडवर १८४६ मध्ये उभे राहिलेले नाटकगृह मुख्यतः इंग्रजी खेळांसाठी वापरले जाई. त्याची जागा नाना शंकरशेट यांनी दिलेली होती. येथे डॉ. भाऊ दाजी भाव्यांच्या मदतीला धावून आले. त्यांच्यासारख्या वजनदार माणसाचा आधार मिळाल्याने भाव्यांच्या मंडळींना ग्रँट रोडच्या रंगमंचाचे दार उघडले. मार्च १८५३ मध्ये तेथे मराठी नाटकाचा प्रयोग झाला आणि त्याची जाहिरात इंग्रजी वर्तमानपत्रात आली.

या घटनेचे महत्त्व एका प्रयोगापुरते नव्हते. उंच रंगमंच, पडदा, आसनांच्या श्रेणी, तिकिटाचे दर आणि छापील जाहिरात या सगळ्यांशी मराठी नाटकाचा संबंध आला. नाटकाचा खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघू शकतो, हे दिसून आले. त्या काळी नाटकात काम करणाऱ्यांकडे समाज फारशा आदराने पाहत नसे. अशा वेळी शहरातील एक नामांकित, उच्चशिक्षित डॉक्टर नाटक मंडळींच्या पाठीशी उघडपणे उभा राहतो, ही गोष्ट पैशाच्या मदतीपेक्षाही मोलाची होती. सुशिक्षित कुटुंबांना नाटकगृहाची पायरी चढण्यास त्यामुळे धीर आला असणार, हे समजण्यासारखे आहे.

भाऊ दाजींचे हे प्रेम केवळ मराठीपुरते मर्यादित नव्हते. त्याच १८५३ साली मुंबईतील पारशी समाजाने स्वतःची नाटक मंडळी उभी केली. तिच्या कारभारासाठी नेमलेल्या समितीत दादाभाई नौरोजी यांच्यासारख्या पारशी पुढाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजींचाही समावेश होता. एका भाषेची रंगभूमी वाढली म्हणजे दुसरीचे नुकसान होते, असे मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. वर्षअखेरीस भाव्यांनी मुंबईत ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदुस्थानी भाषेत सादर केले. शहराच्या बहुभाषिक प्रेक्षकवर्गाची चाहूल मराठी मंडळींनाही लागली होती, हे त्यावरून कळते.

विद्येच्या क्षेत्रातही त्यांची रीत हीच होती. प्राचीन शिलालेख, नाणी आणि हस्तलिखिते यांचा त्यांना ध्यास होता. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांचे त्यांनी वाचन व भाषांतर केले. कालिदासाच्या काळाविषयी त्यांनी मांडलेले मत पुढील संशोधनात टिकले नाही. पण त्यामुळे अभ्यासकांत चर्चेला तोंड फुटले. हे काम एकट्याने होणारे नाही, हे त्यांना ठाऊक होते. जुनागढचा भगवानलाल इंद्रजी हा तरुण प्राचीन लिपी वाचण्यात तरबेज आहे, असे कळल्यावर भाऊ दाजींनी १८६१ मध्ये त्याला मुंबईला बोलावून घेतले. त्याच्या चरितार्थाची आणि प्रवासाची सोय त्यांनी स्वतःच्या खिशातून केली. भगवानलालने देशभर हिंडून लेखांच्या प्रती आणल्या आणि उत्तर हिंदुस्थान व नेपाळपर्यंत मजल मारली. पुढे हाच तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी म्हणून युरोपातही मान्यता पावला. एका गुणी माणसाला हेरून त्याच्या कामाला बळ द्यायचे, हे भाऊ दाजींनी भाव्यांसाठी केले आणि भगवानलालसाठीही केले.

त्यांच्या सार्वजनिक कार्यातील सर्वांत मोठा, आणि सर्वाधिक कसोटी पाहणारा, उपक्रम म्हणजे वस्तुसंग्रहालय. १८५५ मध्ये पॅरिसला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबई इलाख्यातील कारागिरीचे व नैसर्गिक उत्पादनांचे नमुने गोळा करण्यात आले होते. त्यांतून शहरात एक छोटा संग्रह तयार झाला आणि तो फोर्टमधील लष्करी बराकीत ठेवण्यात आला. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला ती जागा हवी झाली आणि हा संग्रह घाईघाईने तेथून हलवण्यात आला. त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. कुंभार, विणकर, तांबट यांच्या हातच्या वस्तू राज्यकर्त्यांच्या लेखी किती दुय्यम होत्या, याचा तो नमुनाच होता.

वर्षभरातच, डिसेंबर १८५८ मध्ये, मुंबईतील नागरिकांची सभा भरली आणि लोकवर्गणीतून कायमचे संग्रहालय व सार्वजनिक बाग उभारण्याचे ठरले. या कामाच्या चिटणीसपदाची धुरा डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि डॉ. भाऊ दाजी यांनी सांभाळली. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून यांच्यासारखे धनिक पुढे आले. हिंदू, पारशी, ज्यू आणि इंग्रज या सर्वांच्या वर्गणीतून निधी उभा राहू लागला. १८६२ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली.

तो काळ मुंबईच्या वैभवाचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना आणि हिंदुस्थानी कापसाला अफाट भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला, नव्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या समभागांचा सट्टा तेजीत चालला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि एकामागून एक पेढ्या बुडाल्या. भाऊ दाजींनीही या सट्ट्यात पैसा गुंतवला होता. वर्षानुवर्षांच्या वैद्यकीतून जमवलेली त्यांची मिळकत या वावटळीत गेली. वर्गणीदारच नागवले गेल्याने संग्रहालयाचे बांधकामही अडले. शेवटी सरकारने भर घालून ते पूर्णत्वास नेले आणि मे १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

आर्थिक आघातानंतरही भाऊ दाजी सार्वजनिक कामातून बाजूला झाले नाहीत. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. प्रतिष्ठितांचा रोष पत्करण्याची तयारी त्यांनी आधीच दाखवली होती. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात सुधारक पत्रकार करसनदास मुळजी यांच्या बाजूने त्यांनी डॉक्टर म्हणून निर्भीड साक्ष दिली होती. मात्र अखेरच्या काळात प्रकृतीने त्यांची साथ सोडली. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे संशोधनपर लेखन १८८८ मध्ये कलकत्त्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. गोमंतकाचेच सुपुत्र आणि ज्येष्ठ संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी पुढे त्यांचे साधार मराठी चरित्र लिहिले.

भाऊ दाजींच्या आयुष्याचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यांनी स्वतःसाठी साठवलेले धन त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. जे त्यांनी लोकांच्या स्वाधीन केले, ते मात्र टिकले. संग्रहालय आजही उभे आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे साक्षेपाने जतन करण्यात आले आणि २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही लाभला. तिकिटाच्या बळावर चालणारी जी रंगभूमी १८५३ मध्ये ग्रँट रोडवर चाचपडत उभी राहिली, तिच्यातूनच पुढे व्यावसायिक नाटक मंडळ्या निघाल्या. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या युगाने गोमंतकाच्या कलावंतांना मोठे अंगण दिले. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत नावारूपाला आले आणि १९१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह बलवंत संगीत मंडळी काढली. गोव्याच्या मंदिरांच्या प्रांगणात वाढलेली गाणी आणि अभिनय मुंबई-पुण्याच्या तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

पेडण्याच्या परिसरात दशावतारी खेळांची परंपरा जुनी आहे. गोव्याच्या गावोगावी जत्रा आणि कालोत्सवांना नाटके रंगतात. हौशी मंडळी वर्गणी काढून, पदरमोड करून प्रयोग उभे करतात. या मंडळींना देणगीची गरज असतेच. पण तालमीला जागा, प्रयोगाला सभागृह, शहराकडे जाणारी वाट आणि समाजात मानाचे स्थान यांचीही तितकीच गरज असते. हे सारे मिळवून देण्यासाठी स्वतः कलावंत असण्याची आवश्यकता नाही. मांद्र्याचा हा डॉक्टर रंगमंचावर कधी उभा राहिल्याची नोंद नाही. तरी मराठी रंगभूमीच्या इतिहासात विष्णुदास भाव्यांचे नाव जेथे येते, तेथे त्यांचेही येते.