जिवाणूंची विभागणी करणारे हान्स ख्रिश्चन ग्रॅम

रुग्णालयाच्या अहवालात ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ किंवा ‘ग्रॅम निगेटिव्ह’ हे शब्द अनेकांनी वाचलेले असतात. त्यातील ‘ग्रॅम’चा वजनाशी काहीही संबंध नाही, ते हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्यकाचे आडनाव आहे.

ग्रॅम यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५३ रोजी कोपनहेगन येथे झाला. आरंभी वनस्पतिशास्त्राचा व्यासंग केल्यानंतर ते वैद्यकाकडे वळले आणि १८७८ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाले. १८८४ मध्ये ते बर्लिनमधील रुग्णालयाच्या शवागारात कार्ल फ्रीडलेंडर यांच्यासमवेत संशोधन करीत होते. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतील जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. रंग दिला की जिवाणूंबरोबर भोवतालच्या ऊतीही रंगत, ही अडचण होती. ग्रॅम यांनी नमुन्यावर प्रथम जेन्शियन व्हायोलेट, मग आयोडीनचे द्रावण वापरले आणि शेवटी तो अल्कोहोलने धुतला. ऊतींचा रंग निघून गेला. जिवाणू मात्र जांभळे राहिले.

तथापि, विषमज्वराच्या जिवाणूंसारखे काही जिवाणू हा रंग टिकवून धरीत नव्हते. ग्रॅम यांना ही पद्धतीची उणीव वाटली व शोधनिबंधात त्यांनी ती प्रांजळपणे मान्य केली. पुढे हीच उणीव जिवाणूंच्या वर्गीकरणाचा पाया ठरली. रंग गमावणारे जिवाणूही दिसावेत म्हणून दुसरा, तांबडा रंग देण्याची जोड कार्ल वायगर्ट यांनी नंतर दिली.

या फरकाचे मूळ पेशीभित्तिकेत आहे. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंची भित्तिका पेप्टिडोग्लायकनच्या जाड थराची असते व ती रंग धरून ठेवते. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंत हा थर पातळ असतो. शिवाय त्याभोवती एक बाह्यपटल असते. व्हँकोमायसिनसारखी औषधे हे पटल ओलांडू शकत नाहीत. म्हणूनच अत्यवस्थ रुग्णाला कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ठरविताना ही विभागणी मोलाची ठरते. अर्थात, भित्तिकाच नसलेले मायकोप्लाझ्मा किंवा मेणचट आवरणाचे क्षयाचे जिवाणू या चौकटीत नीट बसत नाहीत.

ग्रॅम पुढे कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९२३ मध्ये निवृत्त झाले. १४ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा पेनिसिलिनचा रुग्णांवर सर्रास वापर सुरू व्हायचा होता. आपल्या रंजनपद्धतीचे हे सर्वांत मोठे उपयोजन त्यांना पाहता आले नाही.